चंदीगडची खुर्ची की बाळीवेशीतला सोफा?

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचा नवा टू बीएचके फ्लॅट झालाय. ताबा मिळाला, आता फर्निचर घ्यायचंय. आम्हा दोघांना ते १९५०-६० च्या काळातलं, निमुळत्या पायांचं, मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात तसलं फर्निचर आवडतं. बजेट दीड लाख. पुण्याचा एक डीलर नवऱ्याला चंदीगडच्या दोन 'ओरिजिनल' खुर्च्या ऐंशी हजारांत देतो म्हणतोय. होटगी रोडवरच्या एका दुकानात ईम्स लाउंज चेअरची कॉपी पस्तीस हजारांना आहे. मला वाटतं, ऑनलाइन चाळीस हजारांत सोफा, सेंटर टेबल, टीव्ही युनिट असा अख्खा सेट येतोय, तो मागवावा आणि मोकळं व्हावं. त्यात सासूबाईंचं एकच पालुपद : बाळीवेशीतल्या जुन्या घरात चुलतसासऱ्यांचा सागवानी सोफासेट मागच्या खोलीत पडून आहे, तो आणा. नवरा म्हणतो, ती अडगळ घरात नको. काय करावं?
– गोंधळलेली सूनबाई, जुळे सोलापूर

सूनबाई,

दीड लाखातला एक रुपयाही खर्च करण्याआधी बाळीवेशीत जाऊन या. सासूबाई पैसे वाचवायला सांगताहेत, माझं कारण वेगळं आहे. हा सोफा साठ-सत्तरच्या दशकातला असेल, तर तुम्ही दोघं रोज फोनवर ज्या काळाचे फोटो बघता, तो त्याच काळातला आहे. डेन्मार्कचा फर्निचर डिझायनर हान्स वेग्नर याची विशबोन खुर्ची १९५० साली बनायला लागली. ते बारीक पाय, वळवून घासलेले हात, सुट्या गाद्या ही धाटणी पुढच्या वर्षांत आपल्याकडच्या सुतारांच्याही हातात बसली. सोलापुरात तेव्हा मिल चालू होत्या, रेल्वेचे साहेब होते, डॉक्टर-वकिलांचे दिवाणखाने होते. अशा घरांतून ते सोफे अजूनही निघतात. बहुतेक वेळा भंगारवाल्याच्या गाडीवर निघतात, हे वेगळं.

आता माझी कसोटी सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्याच मापाने मोजता येईल. वस्तू अस्सल आहे की नक्कल की स्वस्तातली, हा प्रश्न मी दुसरा ठेवते. पहिला प्रश्न : ही मोडली तर सोलापुरात दुरुस्त होईल का? तुम्ही चारही पर्याय या प्रश्नासमोर उभे करा, निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

तर बाळीवेस. नवऱ्याला सोबत न्याच. टॉर्च, टेप, एक टाचणी, थोडा पॉलिशपेपर आणि मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट एवढं बरोबर ठेवा. गाद्या काढून बाजूला टाका, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. पन्नास वर्षांच्या काथ्याकडून कसली अपेक्षा? सोफा उलटा करा. पाय जिथे आडव्या पट्टीला मिळतो तिथे टॉर्च मारा. एका लाकडात खाच पाडून दुसऱ्याचं टोक तिच्यात घट्ट बसवलेलं असेल, वर लाकडाची खुंटी मारलेली असेल, तर करणाऱ्याला काम येत होतं. नुसते खिळे आणि लोखंडी पट्ट्या दिसल्या, तर मधे कुणीतरी घाईची दुरुस्ती करून गेलंय. स्क्रू असतील तर त्यांची डोकी बघा. जुन्या स्क्रूला एकच सरळ खाच असते; अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली की तो बहुधा नंतर बसवलेला. एखाददुसरा असा असेल तर काही बिघडत नाही. सगळेच तसे असतील तर सोफा सांगतात तेवढा जुना नाही, किंवा पूर्ण उघडून पुन्हा जोडलेला आहे.

मग सरळ उभा करून पाठ दोन्ही हातांनी धरा आणि तिरकी ढकला. कुरकुरेल, हलेल. घाबरू नका. आपल्याकडे मार्चपासून हवा अशी कोरडी पडते की लाकूड आकसतं, पावसाळ्यात पुन्हा फुगतं. इतकी वर्षं हा खेळ चालल्यावर सांधा ढिला होणारच. ढिला सांधा म्हणजे खराब लाकूड नव्हे. जुन्या जोडात सरस असतो. सुतार तो सांधा उघडतो, सरस खरवडतो, नवा ग्लू भरतो आणि क्लॅम्प लावून रात्रभर धरून ठेवतो. हे काम करणारे मिस्त्री सोलापुरात पेठापेठांत आहेत.

खरी भीती किडीची. बारीक गोल भोकं दिसली तर त्यांत टाचणी घाला, आजूबाजूच्या लाकडातही टोचून बघा. लाकूड टणक लागलं तर कीड येऊन गेली असेल. शंका राहिली तर खाली काळं फडकं अंथरून तीन-चार दिवस तसंच राहू द्या. फडक्यावर पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. आधी औषध, मगच घरात. सागाचं आतलं तपकिरी लाकूड कीड सहसा खात नाही, कडेचं पांढरट लाकूड खाते. त्यामुळे सगळा सोफा धडधाकट आणि एकच पट्टी पोखरलेली, असं पुष्कळदा दिसतं. पट्टी बदलता येते. चारही पाय पोकळ वाजत असतील तर मात्र सासूबाईंना हात जोडा आणि परत या.

साग आहे का, ते खालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पॉलिशपेपर घासून कळेल. सोनेरी-तपकिरी रंग निघतो, बोटाला किंचित तेलकट लागतं, वास चामड्याच्या जवळ जाणारा. स्पिरिट कशाला? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून त्याच कोपऱ्यात चोळा. पॉलिश चिकट होऊन बोळ्यावर आलं तर तो जुना चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. ते उतरवणं सोपं आणि पुन्हा चढवणंही सोपं. काहीच आलं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयू या रासायनिक पॉलिशचा थर आहे, घासण्याची मजुरी जास्त पडेल. पॉलिशवाल्याला एक गोष्ट दोनदा सांगा : चकाकी नको आणि काळपट रोझवूडचा रंग अजिबात नको. आपले पॉलिशवाले प्रेमाने काम करतात, पण त्यांच्या हातातून सोफा लग्नाच्या हॉलमध्ये ठेवायला निघाल्यासारखा चमकत बाहेर येतो. मॅट फिनिश म्हणा आणि एका पट्टीवर नमुना बघून मगच पुढे जाऊ द्या.

गाद्यांना बैठकीसाठी ४० डेन्सिटीचा फोम, पाठीला ३२ चालेल. कापड सुती किंवा जाड हातमागाचं घ्या. रेक्झीन नको. एप्रिलमध्ये दुपारी लाइट गेली की रेक्झीनवर बसलेल्या माणसाला उठताना आवाज येतो, पाहुण्यांसमोर शोभत नाही. गावात चादरी आणि टॉवेल विणले जातात म्हणून सोलापुरी चादरच सोफ्याला ठोकून बसवायची, हा उत्साह मी बऱ्याच घरांत पाहिलाय. चादर अंथरायला उत्तम. पण ताणून ठोकली की ती ओढली जाते, नक्षी वाकडी होते. सुटी टाका, धुवायला काढा.

या सगळ्याचा खर्च मिस्त्री, पॉलिश, फोम, कापड, शिलाई असा वेगवेगळा लिहून घ्या. बेरीज पंचवीस हजारांच्या वर गेली तर हात आखडा, आधी गाद्यांचं कापड साधं करा.

एक नाजूक भाग. सोफा चुलतसासऱ्यांचा आहे, सासऱ्यांचा नाही. आज तो मागच्या खोलीत आहे तोवर अडगळ आहे. तुम्ही पॉलिश करून फोटो टाकलात की त्याला वारस फुटतील. तेव्हा उचलण्याआधी चुलत दिराला किंवा त्या घरात जे मोठं माणूस असेल त्याला नवऱ्याने स्वतः फोन करावा, "आम्ही नेऊन दुरुस्त करतोय, चालेल ना?" असं सरळ विचारावं. हा फोन सासूबाईंवर टाकू नका.

आता त्या चंदीगडच्या खुर्च्या. मूळ गोष्ट फार छान आहे, म्हणूनच लोक फसतात. चंदीगडची आखणी करणारा वास्तुकार ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जाँनरे १९५१ पासून १९६५ पर्यंत चंदीगडमध्ये राहिला. नव्या शहरातली सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ ही सगळी भरायची होती. त्यासाठी साग आणि वेत वापरून, उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पायांच्या खुर्च्या तिथल्याच सुतारांकडून मोठ्या संख्येने करून घेतल्या गेल्या. त्या खुर्च्यांवर कारकून बसत. पुढे त्या मोडल्या, आवारात ढीग लागले, सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या. परदेशातल्या डीलरांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि तिकडच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांत जायला लागली. आपला पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना लागू होतो, या खुर्च्या त्यात बसत नव्हत्या. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखणारा आदेश काढला.

हे डोक्यात ठेवून त्या डीलरचा भाव बघा. एका खुर्चीला चाळीस हजार : खऱ्या खुर्चीसाठी फार कमी, नकलेसाठी फार जास्त. त्याला विचारा, कुठल्या कार्यालयातली, कुठल्या साली लिलावात निघाली, पावती कुठे आहे. कागद नसेल तर ती नक्कल आहे किंवा चोरीची आहे, दोन्हींत तुमचा फायदा नाही. मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात लिहिलेली अक्षरं आणि आकडे दाखवेल. तो रंग कुणालाही लावता येतो. झीज कुठे आहे ते बघा. खरी खुर्ची हाताच्या पुढच्या टोकाला, जिथे तळवा घासतो तिथे गुळगुळीत होते, पायांच्या तळाला फरशीने आणि पाण्याने काळवंडते, आणि पाठीच्या मागे, जिथे कुणाचाच हात जात नाही, तिथे कोरीच राहते. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती पॉलिशपेपरने एका दुपारात केलेली आहे.

पण तुम्हाला ती खुर्ची आवडत असेल ना, तर सोलापुरात करून घ्या. खुशाल घ्या. हिच्यात गुप्त असं काही नाही. सरळ पट्ट्या, तिरके पाय, वेताची जाळी. मुळात ती कुठल्या कारखान्यात एका साच्यातून आलेली नाही, सुतारांनीच केली, त्यामुळे जुन्या खुर्च्यांतही आपापसांत मापाचा थोडाफार फरक सापडतो. कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडे वस्तूच्या आकाराची डिझाइन म्हणून नोंदणी १० वर्षं टिकते, वाढवून घेतली तर १५. पन्नासच्या दशकातला आकार त्या हिशेबात कधीच मोकळा झाला. स्वतःच्या घरासाठी तशी खुर्ची करून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. उद्या तीच 'ओरिजिनल' म्हणून कुणाला विकलीत, तर मात्र तुमच्यात आणि त्या डीलरमध्ये फरक उरणार नाही.

होटगी रोडची ईम्स चेअर मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याची ही खुर्ची १९५६ ची. तिचा सगळा जीव वाकवलेल्या प्लायच्या त्या तीन कवचांत आहे, आणि हाताखाली रबराचे तुकडे घालून ती कवचं ज्या युक्तीने जोडलीत त्या जोडात. अस्सल खुर्चीच्या कवचावर बाहेरून बोल्ट दिसत नाहीत, खुर्चीच्या बुडाला पाच बोटं असतात आणि पाय ठेवायच्या स्टुलाला चार, आणि मागे झुकण्याचा कोन ठरलेला असतो, खटका दाबून कमी-जास्त होत नाही. दुकानात जाऊन एवढं बघा, बहुतेक नकला तिथेच उघड्या पडतात. तरी माझी हरकत ती नक्कल आहे म्हणून नाही. कवचाचा प्लाय सुटला किंवा आतला रबराचा जोड उखडला तर तुमचा मिस्त्री काय करणार? आरपार बोल्ट मारेल. शिवाय काळं लेदर, तेही पस्तीस हजारांत म्हणजे बहुधा लेदरसारखं दिसणारं काहीतरी, आणि समोर सोलापूरचा मे महिना. बैठकही एवढी खाली की सासूबाई बसल्या तर उठवायला दोघं लागतील. फोटोत ही खुर्ची फार देखणी दिसते. फोटो ठेवा.

आता तुमचा लाडका ऑनलाइन सेट. स्वस्त आहे म्हणून त्याला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. या शैलीची निम्मी उमेदच स्वस्ताईची होती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४८ मध्ये कमी किमतीच्या फर्निचरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली होती, आणि ईम्स जोडप्याची ती प्रसिद्ध एकसंध कवचाची खुर्ची त्या स्पर्धेच्या कामातून पुढे आली. सामान्य माणसाला परवडावं हाच हेतू. तेव्हा बजेट फर्निचर घेणं म्हणजे शैलीशी बेइमानी, असं नवऱ्याने म्हटलं तर हे त्याला वाचून दाखवा.

अडचण माल कशाचा आहे याची आहे. वेबसाइटवर 'इंजिनिअर्ड वूड' लिहिलेलं असतं. त्यात प्लायही येतो, लाकडाचे तंतू दाबून केलेला एमडीएफही येतो आणि भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्डही. किमतीवरून तुमचा सेट पार्टिकल बोर्डचा वाटतो. त्यात एकदा काढलेला स्क्रू पुन्हा तितका घट्ट बसत नाही. पाण्याशी त्याचं उभं वैर. आणि आपल्या घरात पाणी कुठे कुठे असतं ते आठवा : रोज ओल्या फडक्याने पुसलेली फरशी, उन्हाळ्यात हॉलमध्ये दिवसरात्र चालणारा कूलर आणि त्याच्या तोंडासमोरच ठेवलेलं टीव्ही युनिट. कडेची पट्टी उचकटली की आतला बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड कोणताही मिस्त्री परत बसवू शकत नाही.

म्हणून सोफा त्यातून घेऊच नका. चार माणसांचं वजन निमुळत्या पायांवर, ते पाय लोखंडी चकतीत, आणि चकती चार स्क्रूंनी पार्टिकल बोर्डमध्ये. हे किती दिवस चालेल? टीव्ही युनिट आणि कोपऱ्यातलं छोटं टेबल मात्र जरूर मागवा. त्यांच्यावर कुणी बसत नाही. पाय धातूचे बघा किंवा पायांना खाली रबरी टोप्या लावा, कूलर समोरून हलवा, मागच्या न दिसणाऱ्या कडा उघड्या असतील तर त्यांना फेविकॉलने पट्टी चिकटवून घ्या. हैदराबादला जाणं होत असेल तर २०१८ पासून तिथे आयकिआ आहे. घ्या किंवा घेऊ नका, पण वस्तू हाताने हलवून, खण ओढून बघायला मिळतात. तेवढ्याने ऑनलाइन फोटो वाचायची नजर येते. बेड आणि कपाटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगून ठेवते : ओल येणाऱ्या भिंतीलगत काही करून घेणार असाल तर प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघा.

माझा हिशेब असा. सोफा दुरुस्तीला पंचवीस. चंदीगडसारख्या दोन खुर्च्या सागात करून घ्या, त्याला चाळीसच्या आसपास बाजूला काढा. भाव लाकडाच्या घनफुटावर ठरेल, तो वखारीत तुम्ही स्वतः विचारा, सगळं मिस्त्रीवर सोडू नका. टीव्ही युनिट आणि टेबल ऑनलाइन, पंधरापर्यंत. उरलेले पैसे वर्षभर हातच लावू नका. या शैलीत घर मोकळं ठेवलं तरच ते पाय दिसतात, आणि उंच पायांखालून झाडू सहज फिरतो, हा आपल्या धुळीच्या गावात मोठा फायदा आहे.

खुर्च्यांसाठी मिस्त्रीकडे जाताना नुसता फोनवरचा फोटो नेऊ नका, मापं लिहून न्या. जुनं, पाडलेल्या घरांतून निघालेलं सागवान मिळालं तर तेच घ्या. ते सुकून बसलेलं असतं, उन्हाळ्यात फटी पडत नाहीत. नवं लाकूड असेल तर किती सुकलंय ते विचारा, आणि घाई असेल तरी ओलं लाकूड घेऊ नका. वेत खऱ्या वेताचा हवा, प्लॅस्टिकची जाळी नको. हे विणकाम बऱ्याच ठिकाणी दृष्टिहीन कारागीर करतात आणि सुरेख करतात. मिस्त्रीला नसेल जमत तर विणायला वेगळं द्या. उन्हाळ्यात वेत वाळून कडक होतो, तेव्हा मधूनमधून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवत जा. सैल पडलेली बैठकही खालून कोमट पाण्याने भिजवून सावलीत वाळवली की पुन्हा ताणून बसते.

बैठकीची उंची जमिनीपासून साडेसतरा इंच सांगा, गादी धरून. मिस्त्री म्हणेल, "फोटोत खाली दिसतंय की ओ." दिसू द्या. पाठीचा कल त्याने चौकट सुकी जोडून दाखवल्याशिवाय ग्लू लावू देऊ नका. दोन सुतांचा फरकही पाठीला कळतो. दोन्ही खुर्च्यांची ऑर्डर एकदम देऊ नका. पहिली एक करून आणा, पॉलिशच्या आधी तिच्यावर सासूबाईंना बसवा, आणि त्यांना कुणाचा हात न धरता उठता आलं की दुसरीचा इसार द्या.